तात्पर्य नसलेल्या गोष्टी
नगरच्या छावणीत जन्मलेला स्पाइक मिलिगन आणि आपली हसरी बालपुस्तकं

नगरला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. भुईकोट किल्ला आणि त्यातली नेहरूंची खोली. ‘चांदबिबीचा महाल’ या नावानं ओळखली जाणारी, पण प्रत्यक्षात सलाबतखानाची असलेली डोंगरावरची कबर. रणगाड्यांचं संग्रहालय. मेहेराबाद. सवड असेल तर शिर्डी आणि शनिशिंगणापूर. पाहुणा थेट लंडनहून आला तरी ही यादी बदलत नाही. खरं तर लंडनच्या पाहुण्याला भिंगारकडे बोट दाखवून सांगायला हवं, ‘तुमच्या शाळेत पोरं टेबलं बडवत जी कविता म्हणतात ना, ती लिहिणारा माणूस आमच्या या छावणीत जन्मला.’

त्याचं नाव टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. जगानं पुढे त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखलं. १९५९ साली त्याचं मुलांसाठीच्या वेडगळ कवितांचं एक छोटं पुस्तक निघालं, ‘सिली व्हर्स फॉर किड्स’. त्यात ‘ऑन द निंग नँग नाँग’ ही कविता आहे. तिच्यात गाई घंटेसारख्या वाजतात, चहाच्या किटल्या आपसात बडबडतात, आणि असं का, हे कुणी विचारत नाही. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये लोकांची सर्वांत आवडती विनोदी कविता कोणती याचा कौल घेतला गेला, तेव्हा हिचा पहिला नंबर आला. एडवर्ड लिअर आणि लुईस कॅरल हे या प्रांतातले दोन आजोबा मागे राहिले. नगरच्या वर्तमानपत्रासाठी ही आठ कॉलमची बातमी होती.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. एसटीतला माणूस तिकीट मागताना अजून ‘एक नगर’ म्हणतो, म्हणून मीही तसंच म्हणतो.

मिलिगनचा बाप लिओ मूळचा आयर्लंडच्या स्लायगोचा, ब्रिटिशांच्या तोफखान्यात नोकरीला. लष्करात असूनही त्याचा जीव रंगभूमीवर जडलेला. छावणीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत तो गायचा, नाचायचा, सोंगं आणायचा. पहिलं महायुद्ध संपायला अजून काही महिने होते. याच नगरमध्ये तेव्हा जर्मन नागरिकांना डांबून ठेवण्याची मोठी छावणी होती. तारेच्या कुंपणाआड जर्मन, बाहेर पहाऱ्यावर गोरे शिपाई, आणि त्याच गावात एका आयरिश सोंगाड्याच्या घरी पाळणा हललेला. मिलिगननं पुढे जे जग लिहिलं, त्याला शोभेल असाच हा देखावा.

पोराचं लहानपण गेलं पुण्यात आणि नंतर रंगूनला. पुण्यात तो कॉन्व्हेंटमध्ये शिकला. वयाच्या आठव्या वर्षी तिथल्या नाताळच्या नाटकात त्याला विदूषकाचं काम मिळालं. शेवटच्या देखाव्यात बाळ येशूच्या गव्हाणीभोवती सगळे जमतात, तिथं विदूषकानं यायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. हा पठ्ठ्या घुसलाच. विदूषकाचीही तिथं जागा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. या माणसाचं सगळं चरित्र त्या घुसण्यात आहे, असं मला वाटतं.

बापाची एक गोष्ट मिलिगन नेहमी सांगायचा. लिओ वाघ मारल्याच्या थापा ठोकायचा. मोठेपणी मुलानं खोदून विचारलं, खरंच मारला होता का? बापानं उलट विचारलं: तुला कंटाळवाणं खरं हवंय की मजेदार खोटं? मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकानं आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं आणि मगच लेखणी उचलावी. आपल्याकडे बहुतेक जण तिसराच पर्याय निवडतात. कंटाळवाणं खोटं.

याची सुरुवात जुनी आहे. मराठीत मुलांच्या हाती छापील गोष्टी आल्या त्या इसापाचं बोट धरून. १८०६ मध्ये तंजावरला, सरफोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली; ती इसापनीतीच. १८२८ मध्ये मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आली, ‘बाळमित्र’ आलं. कोल्हा, करकोचा, सिंह, उंदीर, सगळी मंडळी मजेदार; पण गोष्ट संपता संपता मास्तर छडी घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, तात्पर्य! दोनशे वर्षं ती छडी खाली ठेवलेली नाही. आजही पुस्तकाच्या दुकानात आई-बाप मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेतात, चाळतात आणि दुकानदाराला विचारतात, ‘यातून काय शिकायला मिळतं?’ जिलबी घेताना कुणी असं विचारत नाही.

नगर तर या बोधाच्या परंपरेचं मोठं ठाणं. अमेरिकन मराठी मिशननं इथं १८३१ मध्ये काम सुरू केलं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघालं ते नगरहून. सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा इथलीच. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते इथं. याच मिशननं पुढे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक काढलं. मेव्याच्या आधी बोध आहेच! या लोकांनी शाळा काढल्या, छापखाने घातले, मुलींच्या हाती पाटी दिली. त्यांना हसण्याचं कारण नाही. फक्त इतकंच, की मुलाला निव्वळ हसवणं हेही एक काम आहे, हे त्यांच्या यादीत नव्हतं.

गंमत अशी की त्याच मिशनच्या आवारात एक घर हास्यानं भरलेलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचं. ‘स्मृतिचित्रे’ ज्यानं वाचलं असेल त्याला सांगायला नको, की दुःखाच्या डोंगरावर बसून इतकं निर्मळ हसणारी बाई मराठीत दुसरी झाली नाही. त्या घरात एक कवी पोरगा राहायला होता. त्र्यंबक बापूजी ठोमरे. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झालेला आणि टिळकांनी नगरला आपल्या घरी आणलेला. हा पोरगा ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेला. सत्तावीस वर्षांचा होता. त्या दिवशी नगरच्या छावणीतला मिलिगन एकोणीस दिवसांचा होता.

आणि त्याच वर्षी, २३ ऑगस्टला, सिंधुदुर्गातल्या धालवलीत गोविंद विनायक करंदीकर जन्मले. आपले विंदा.

योगायोगाला अर्थ नसतो, हे मला मान्य आहे. पण लेख वेडगळपणावर आहे, तेव्हा थोडी सूट घेतो. विंदा आणि मिलिगन चार महिन्यांच्या अंतरानं जन्मले, आणि चाळिशी ओलांडताना दोघांनी जवळजवळ एकाच वेळी मुलांसाठी उलटंपालटं जग लिहायला घेतलं. मिलिगनचं पुस्तक १९५९ चं. विंदांची ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ १९६१ मध्ये, ‘सशाचे कान’ आणि ‘एटू लोकांचा देश’ १९६३ मध्ये. एक शाळा अर्धवट सोडलेला, ट्रम्पेट वाजवणारा, युद्धात जखमी होऊन परतलेला शिपाई. दुसरा इंग्रजीचा प्राध्यापक, ‘किंग लिअर’ आणि अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणणारा. दोघांना एकमेकांची खबर होती असं मानायला काही कारण नाही.

एटूंच्या देशात रीतीभाती उफराट्या आहेत. पण मुलांना ते जग खोटं वाटत नाही, कारण उफराटेपणाही नेमानं चालतो. वेडगळ कवितेचं मर्म हेच. ती वाटेल तशी लिहून चालत नाही. ताल एका मात्रेनंही चुकला तर मूल लगेच तोंड वाकडं करतं. मोठा माणूस सभ्यपणे टाळी वाजवतो. मिलिगनच्या कवितेत शब्दांना अर्थ नसेल, पण ठेका पलटणीच्या बँडसारखा पक्का आहे. विंदांचा छंद तर अक्षरगणवृत्तं पचवलेल्या माणसाचा. विंदा, पाडगावकर आणि वसंत बापट गावोगाव काव्यवाचनाला जात, तेव्हा विंदा आवाजाचे जे चढउतार घेत ते ऐकलेली माणसं अजून आहेत. त्यांना विचारा, बालकविता कानानं वाचायची असते की डोळ्यांनी.

मुलांना आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे भीती. हसरी पुस्तकं म्हणजे गोडगोड पुस्तकं असा आपला एक समज आहे. तो पार चुकीचा. मिलिगननं आपल्या मुलांना सांगितलेली एक गोष्ट १९७३ मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या चित्रांसह छापली. ‘बॅडजेली द विच’. दोन भावंडं हरवलेली गाय शोधत रानात जातात आणि एका चेटकिणीच्या तावडीत सापडतात. ती पोलिसाचं सफरचंदाचं झाड करू शकते, पोरांचे सॉसेज करू शकते. शेवटी साक्षात देवाला यावं लागतं. न्यूझीलंडमध्ये ही गोष्ट मुलांच्या रेडिओवर वर्षानुवर्षं वाजत राहिली; तिथल्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या.

आमच्याकडे अशी चेटकीण नाही का? आहे की. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची. दिलीप प्रभावळकरांनी ती अशी उभी केली की मुलं खुर्चीखाली लपायची आणि तिथून डोकं काढून पुन्हा बघायची. विंदांची पिशीमावशी १९८१ ची. तिची भुतावळही घाबरवत घाबरवत हसवते. मुलं भुताला हसायला शिकली की अंधारात पाण्याचा तांब्या आणायला एकटी जातात. हा बोध झाला, हे माझ्या लक्षात आलं. पण तो पुस्तकात छापलेला नाही, एवढाच फरक.

मिलिगनचं सगळंच काही कौतुकाचं नव्हे. ‘द गून शो’ या त्याच्या रेडिओ कार्यक्रमानं १९५१ ते १९६० या काळात ब्रिटनचा विनोद बदलून टाकला. ‘माँटी पायथन’वाले आणि बीटल्स स्वतःला त्याचे चेले म्हणवत. पण पुढे त्यानं टीव्हीवर तोंडाला रंग फासून आशियाई माणसाची सोंगं आणली. ती आज पाहवत नाहीत, आणि तेव्हाही अनेकांना खटकली होती. आमच्या मातीत जन्मला म्हणून तेवढं झाकून ठेवायचं कारण नाही.

त्याचं दुखणंही सांगायला हवं. इटलीत १९४४ मध्ये तोफगोळ्यानं जखमी झाल्यापासून त्याचं मन ताळ्यावर राहिलं नाही. दर आठवड्याला नवा विनोदी कार्यक्रम लिहिण्याच्या ताणानं तो कोसळायचा, इस्पितळात भरती व्हायचा. उन्माद आणि नैराश्य यांच्या झोक्यावर त्याचं सगळं आयुष्य गेलं. १९९३ मध्ये अँथनी क्लेअर या मनोविकारतज्ज्ञाबरोबर त्यानं नैराश्यावर पुस्तक लिहिलं आणि या आजाराबद्दल उघड बोलणाऱ्या पहिल्या काही प्रसिद्ध माणसांत तो गणला गेला. पण मुलांच्या पुस्तकांत त्यानं या काळोखाचा थेंबही सांडू दिला नाही. लंडनच्या केन्सिंग्टन बागेत पऱ्या आणि बुटके कोरलेला एक जुना ओकचा बुंधा आहे. साठच्या दशकात तो मोडकळीला आला, तेव्हा हाच माणूस मोहीम काढून त्याच्या दुरुस्तीला उभा राहिला.

त्याच्या पासपोर्टची कथा तर त्यानंच लिहावी अशी. जन्म हिंदुस्थानात, बाप आयरिश, नोकरी ब्रिटिश फौजेत, जखमाही ब्रिटिशांच्या युद्धातल्या. साठच्या दशकात कायदा बदलला आणि त्याला सांगण्यात आलं, राणीच्या निष्ठेची शपथ घे, तरच पासपोर्ट. यानं नकार दिला आणि आयरिश नागरिक झाला. पुढे त्याच ब्रिटननं त्याला मानद सर केलं. १९९४ मध्ये एका पुरस्कार समारंभात त्याच्या कौतुकाचं युवराज चार्ल्सचं पत्र वाचून दाखवलं जात होतं. यानं दूरचित्रवाणीवर, सगळ्या देशासमोर, युवराजालाच शिवी हासडली. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो गेला. थडग्यावर त्याला हवा असलेला विनोद पाद्र्यांना पटेना, म्हणून तो आयरिश भाषेत कोरला: मी आजारी आहे असं तुम्हाला सांगत होतो ना!

आता आपल्या मातीकडे वळू. वेडगळपणा साहेबाबरोबर बोटीनं आला, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं नेवाशाला जावं. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातलं. ज्ञानदेवांच्या नावावर काही कूट रचना आहेत. त्यांतल्या एकीत काट्याच्या टोकावर गावं वसतात, आणि त्यांतलं एक तर वसतच नाही. पंडित त्याचा अध्यात्मपर उलगडा करतात, करोत. पोराला विचाराल तर त्याला ते गाव दिसतं. भोपळ्यात बसून लेकीकडून घरंगळत निघालेली म्हातारी, शेणाचं घर वाहून गेल्यावर चिमणीचं दार ठोठावणारा कावळा, डाव कुणावर आला हे ठरवणारी बिनअर्थी गाणी: मराठी मूल बोलू लागतं ते याच भाषेत. शाळेत गेल्यावर ती भाषा सुटते.

उलट साहेबच इथून वेडगळपणा घेऊन गेला, असं म्हणता येईल. एडवर्ड लिअर १८७३ मध्ये हिंदुस्थानात आला. धोबी, चपराशी, कमरबंद हे शब्द त्याच्या कानावर पडले. अर्थ बाजूला ठेवून त्यानं नुसत्या आवाजांवरून त्यांचे राक्षस आणि झाडं-पक्षी केले आणि ती कविता १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं हत्तीला सोंड कशी आली याची मुलखावेगळी कथा रचली. बंगाल्यांनी तर सुकुमार राय यांच्या ‘आबोल ताबोल’ला १९२३ पासून डोक्यावर घेतलं आहे. तिथं वेडगळ कविता ही थोर साहित्यात मोजली जाते. विंदांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा आपल्याकडच्या किती भाषणांत ‘एटू लोकांचा देश’चं नाव आलं?

अनुवादाबद्दल एकच सांगतो. भा. रा. भागवतांनी ‘अ‍ॅलिस’ला मराठीत आणलं तेव्हा तिची जाई केली. ‘जाईची नवलकहाणी’. ससा तोच, बीळ तेच; पडणारी पोर मात्र आपल्या वाड्यातली. हाच माणूस १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढून पदरचे पैसे घालवत बसला आणि पुढे त्यानं फुरसुंगीचा फास्टर फेणे दिला. मिलिगनला मराठीत आणायचा तर असाच कुणी तरी लागेल, ज्याला गाय कशी हंबरते आणि किटली कशी खदखदते हे आपल्या कानानं माहीत आहे.

मजेदार मराठी बालपुस्तकं नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. ताम्हनकरांचा गोट्या आहे, प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आहेत. त्यांच्या चित्रांतलं घर आवरलेलं नसतं आणि आजी-आजोबा उपदेश करत नाहीत. त्यांना २०१६ मध्ये पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मिळाला. बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आहे, आणि एवढ्या कमी किमतीत एवढी चांगली चित्रं देणारं मासिक शोधून सापडणार नाही. अडचण पुस्तकांची नाही, ती पोचवण्याची आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तेव्हा पोरांचं दप्तर मागे राहतं. त्या दप्तरातही पाठ्यपुस्तकंच असतात. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वस्तीपासून पुस्तकाचं दुकान किती लांब आहे, हे एकदा तिथल्या शिक्षकाला विचारून बघा.

आणि अडचण आपल्या गंभीरपणाची आहे. नगर जिल्हा म्हटलं की दुष्काळ, सहकार, साखर, आंदोलन. प्रवरेचा कारखाना, राळेगणसिद्धी, हिवरेबाजार. सगळी मोठ्या कामाची माणसं. त्यांच्या तसबिरींच्या रांगेत वाकडं तोंड करून बसलेला एक आयरिश पोरगा कसा बसवायचा, हा प्रश्न पडणारच. पण पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये त्याला अडवणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता.

नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं. राज्यातल्या सगळ्यात जुन्या ग्रंथालयांपैकी एक. तिथं एका कपाटावर तीन नावं लावावीत: बालकवी, विंदा, मिलिगन. कपाटात फक्त हसवणारी पुस्तकं ठेवावीत आणि मुलांना ती जमिनीवर लोळून, मोठ्यानं वाचू द्यावीत. दरवर्षी १५ ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो, भाषणं होतात. नगरकरांनी त्याच्या जोडीला १६ एप्रिल धरावा. परीक्षा संपत आलेल्या असतात, ऊन तापलेलं असतं, पोरं मोकळी असतात. त्या दिवशी भाषण नको, हारतुरे नकोत, प्रमुख पाहुणे तर नकोतच. एका शिक्षकानं उभं राहून एक वेडगळ कविता ठेक्यात म्हणावी आणि पुढची ओळ पोरांना जुळवू द्यावी. खर्च शून्य आहे. आणि कविता संपल्यावर, गुरुजी, बाई, तुम्हाला हात जोडून विनंती: तात्पर्य विचारू नका.